आप्पांची दुनळी आणि माझी साग्रसंगीत पूजा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं पोलीस ठाणं येतं. आणि तिथं मी जे लिहून दिलंय ते आजही सरकारी फायलीत आहे. माझ्या सहीनिशी. दोन भाषांत!

आधी मी कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. मी घाबरट आहे. आणि साधी घाबरट नाही, शिकलेली घाबरट. बी.एस्सी. केमिस्ट्री. म्हणजे मला नुसती भीती वाटत नाही, कारणमीमांसेसकट वाटते.

आमची अन्वी आता तीन वर्षांची आहे. ती रांगायला लागली तेव्हा मी टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवले, प्लगच्या भोकांना झाकणं बसवली. अख्खे शेंगदाणे तर वर्षभर घराचा उंबरा चढू दिले नाहीत. फक्त कूट! अशा बाईला देवानं सासर कसलं द्यावं?

बंदूकवालं.

बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. भात आणि रताळी. आता रताळी म्हटली की रानडुकरं आलीच. म्हणून माझ्या सासऱ्यांकडं, आप्पांकडं, पीकसंरक्षणाच्या लायसनची दुनळी बंदूक. विलायती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दोन नळ्या, दोन घोडे, आणि जिथं लाकूड संपून लोखंड सुरू होतं तिथं बारीक वेलबुट्टी. वर एक कळ. ती अंगठ्यानं बाजूला सारली की बंदूक मधोमध वाकते आणि नळ्यांची मागची तोंडं उघडतात. काडतूस घालायचं ते तिथून. या मधल्या सगळ्या यंत्राला आप्पा 'मशीन' म्हणतात, आणि अशा आवाजात म्हणतात की मशीनलाही बरं वाटावं.

आजवर आप्पांनी त्या बंदुकीनं एकही डुक्कर मारलेलं नाही. हवेत एक बार काढायचा, डुकरं पळायची, आप्पा मिशीवर हात फिरवत घरी यायचे. डुकरांनाही हा करार माहीत असावा.

मी लग्न होऊन आल्या आल्या अट घातली होती. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या ट्रंकेत, आणि किल्ल्या आप्पांच्या करदोड्याला. आप्पा म्हणाले, "पोरी, आंघोळीला जाताना काय करू?" मी म्हटलं, "किल्ल्या घेऊनच जा." बिचारे तसेच जायचे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी इकडं निवडणूक झाली. निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या, असा नियमच आहे. आमची दुनळी परत आली ती कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून. आप्पांनी ती तशीच कपाटात ठेवली. उघडून पाहिली नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढं सगळं यावरच उभं आहे.

मग आली खंडेनवमी. शस्त्रांची, अवजारांची पूजा. दरवर्षी ही पूजा सासूबाईंकडं असते, म्हणजे आमच्या आत्यांकडं. पण त्या वर्षी त्या निपाणीला, माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी. सकाळी आप्पांनी बंदूक काढली, पाटावर ठेवली आणि म्हणाले, "मी शेतातल्या पंपाला नि टिलरला हार घालून येतो. हिचं तू बघ. आता तूच घरची."

तूच घरची! लग्नाला पाच वर्षं झाली होती. हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते. अंगावर काटा आला. अर्धा आनंदाचा, अर्धा बंदुकीचा.

मी निपाणीला फोन लावला. "आत्या, बंदुकीची पूजा कशी करायची?"

"कशी म्हंजी? देवाची करतीस तशी. तिच्या जिवावर रताळी खाल्ल्यात आपण. कमी काय पडू दिऊ नगस." तिकडं बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

दुसरी कुणी असती तर हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून मोकळी झाली असती. पण मला 'कमी पडू देऊ नको' सांगितलं होतं. मी देवघरातून पूजेचं पुस्तक काढलं. देवाची पूजा म्हणजे सोळा उपचार. आवाहन झालं, आसन झालं. मग आलं स्नान.

पंचामृतस्नान!

आता सांगा, पुस्तकात लिहिलंय, सासूबाईंनी सांगितलंय, मी कोण टाळणारी? दूध, दही, साजूक तूप, मध, साखर. माझ्या माहेरी त्यात केळं कुस्करून घालतात, तेही घातलं. वर तुळशीचं पान. बंदूक परातीत मावेना, म्हणून आडवी ठेवली. दोन्ही टोकं बाहेर, मध्य परातीवर. आणि मध्य म्हणजे काय? वेलबुट्टी, दोन घोडे आणि कळ. पळी पळीनं, मंत्र म्हणत, मी तिथंच अभिषेक केला. आत झिरपत होतं ते पाहून मला वाटलं, वा, स्वीकार होतोय!

अन्वी मांडी घालून बघत होती. "मम्मी, बंदूकबाप्पा न्हातो?"

"हो राणी."

पुढं पुस्तकात होतं शुद्धोदकस्नान. म्हणजे साध्या पाण्यानं धुऊन काढणं. इथं माझं शिक्षण आडवं आलं. लोखंड अधिक पाणी अधिक हवा म्हणजे गंज. हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवलेत! एवढ्या जुन्या वस्तूला पाणी लावायचं? छे! मी पाण्याचा उपचार गाळला आणि कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

आप्पा आले. तुपानं बंदूक लखलखत होती. "काय झळकतीया गं! हिला असं रूप माझ्या लग्नातबी नव्हतं." त्यांनी ती मोठ्या प्रेमानं कापडात गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात त्या कपाटाकडं मुंग्यांची रांग लागली. मी खडूनं रेघ मारली आणि विसरले. एवढी घाबरट बाई, पण जिथं घाबरायचं तिथं नेमका डोळा लागतो.

दिवाळी झाल्यावर लायसनच्या नूतनीकरणाची तारीख आली. गुरुवारी ठाण्यात बंदूक न्यायची, साहेबांसमोर उघडून दाखवायची, नळ्यांखालचा नंबर जुळवायचा. उघडली नाही तर नंबर दिसणार नाही, नंबर नाही तर लायसन नाही, आणि लायसन नाही तर बंदूक कायमची सरकारजमा. आदल्या शनिवारी आप्पांनी ती बाहेर काढली, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि कळीवर अंगठा ठेवला.

कळ हलेना.

दोन्ही अंगठे लावले. गुडघ्यावर घेऊन दाबली. नाही म्हणजे नाही. मग उजवा घोडा अर्धा ओढून सोडला. एरवी खट्कन जागेवर येतो म्हणे. आज आला तो नव्या नवरीनं माप ओलांडावं तसा. सावकाश. लाजत. मधे थांबून.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आप्पा! भरलेली असली म्हणजे?"

"मोकळी हाय गं."

"कशावरून?"

"ठाण्यातनं आलीया."

"उघडून बघितलीत?"

"उघडंना म्हणून तर बोंबलतोय!"

"म्हणजे मोकळी आहे हे कुणीच पाहिलेलं नाही!"

"अगं, ठाण्यात काय भरून देत्यात व्हय? गॅसची टाकी हाय का ती?"

पण मला कुठलं पटायला! मी अन्वीला काखेत मारून दाराआड उभी राहिले आणि तिथून सूचना द्यायला लागले. "तिकडं तोंड नको, शेजारच्या काकू आहेत! तिकडं म्हैस! वर नको, पाण्याची टाकी!"

"मग काय खाली धरू?"

"खाली बोअरचा पाइप आहे!"

शेवटी परसातला शेणखताचा ढीग ठरला. त्या दिवसापासून आमची विलायती दुनळी कपाटाबाहेर आली की तिचं तोंड शेणाकडं. आप्पांना ते फार लागलं. म्हणाले, "माझ्या बापानं बघितलं असतं तर?"

रविवारी नवऱ्याला सुट्टी. महेश उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात आहे, क्वालिटी तपासायला. त्यामुळं घरात काही बिघडलं की तो आधी वस्तूला नापास करतो. त्यानं टॉर्च मारला, फटीत पट्टी घालून पाहिली, गंजावरचा फवारा अर्धी बाटली मारला. मग निकाल दिला. "स्प्रिंग थकली, आप्पा. मेटल आहे, वय झालं."

"माझं झालंय का? मग हिचं कसं हुतंय?"

"एकदा हातोडीनं हळू ठोकून..."

"हातोडी लावलीस तर पुढची तुझ्या टाळक्यात!"

आणि तेवढ्यात मी ते पाहिलं. उजव्या घोड्याच्या बुडातून एक मुंगी बाहेर आली. आरामात, घरातून निघाल्यासारखी. तोंडात पांढरा कण.

साखर.

दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं. मागून केळंही.

"मुंग्या कशा रं?" आप्पा म्हणाले. "आत पाल मेलीया. ठाण्यात कुठं अडगळीत टाकलीती कुणाला ठावं!"

"बंदूकबाप्पा न्हाला!" अन्वी म्हणाली.

"काय म्हणती ही?"

"काही नाही आप्पा, तिची आंघोळीची वेळ झाली." मी तिला उचलून आत पळाले. सकाळीच आंघोळ झालेल्या लेकराला मी परत आंघोळ घातली. धडधडीत पुरावा नष्ट केल्यासारखी!

मी सांगणार होते. खरंच. रात्री ठरवलं, सकाळी उठून पहिल्यांदा हेच सांगायचं. पण सकाळी आप्पा आंघोळ करून, गंध लावून, कागद पेन घेऊन माझ्यापुढं बसले.

"पोरी, तू शिकलेली. ठाण्याच्या नावानं तक्रार लिही."

"आप्पा, मला जरा बोलायचंय."

"आदी लिही, मग बोल. आमची बंदूक नीट दिली हुती, तुमी बिघडवून दिलीसा. असं लिही. पर जरा भारी भाषेत."

'तूच घरची' म्हणणाऱ्या माणसाला कसं सांगू हो, की घरच्याच बाईनं तुमच्या वडिलांच्या बंदुकीचं शिकरण केलंय? पेन हातात घेतलं. आणि भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, मी चांगलं लिहिलं. 'सदर शस्त्र ज्या व्यक्तीने हाताळले, त्या व्यक्तीस शस्त्राचे काडीचेही ज्ञान नसावे. अशा उतावळ्या व बेजबाबदार व्यक्तीच्या हाती मौल्यवान वस्तू सोपवली जाणे ही अत्यंत खेदाची बाब आहे.'

"वा! वाच परत." मी वाचलं. "अजून घाल. अक्कलशून्य घाल."

"आप्पा, अक्कलशून्य जरा जास्त..."

"घाल म्हणतो न्हवं!"

घातलं. मग तेच सगळं कन्नडमधून, कारण कन्नड प्रत लागतेच. शाळेत कन्नडला चांगले मार्क पडल्याचा मला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

ठाण्यात लिखापढी बघणारे हवालदार असतात, त्यांना सगळे रायटर म्हणतात. पोटुशे, शांत गृहस्थ. त्यांनी तक्रार दोनदा वाचली. चेहरा पडला.

"आप्पा, इतक्या जनांच्या बंदुका ठेवल्या आमी, एकाचंबी नाव आलं नाही. तुमीच असं लिहिला?"

"लिहिलं. खरं ते लिहिलं."

"बरं. लायसनवाल्या मिस्त्रीकडं जावा, काय बिघाड हाय त्याची चिठ्ठी गुरुवारी आना. चूक आमची असंल तर आमी बघतो. तुमची असंल तर..." त्यांनी पेनचं टोपण लावलं. पण असं लावलं, की माझ्या कानात लायसन बंद झाल्याचा आवाज आला.

आप्पा मात्र घरी येताना गाडीवर ताठ बसले होते.

आता उरले दोन दिवस. मी विचार केला, आपण केमिस्ट्रीवाली ना? बिघडवलं केमिस्ट्रीनं, दुरुस्तही तीच करेल. तूप उष्णतेनं वितळतं, मध पातळ होतो. मंगळवारी दुपारी आप्पा बंदूक टेबलावर ठेवून तिथंच खुर्चीत डुलकी घेत होते. मी केस सुकवायचा ड्रायर आणला आणि तोंड शेणखताकडं आहे ना ते पाहून घोड्यांवर गरम हवा सोडली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. थोडं तूप ओघळलं, मला धीर आला. मी बटण आणखी वाढवलं. मग एक वास सुटला. ओळखीचा, खमंग, गोड. चिक्कीचा पाक होताना येतो ना, तस्सा.

"काय करतीस गं?"

आप्पा जागे! सून बंदुकीचे केस सुकवतेय.

"दमट हवा आहे ना आप्पा," मी म्हटलं, "म्हटलं जरा सुकवावी."

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. डोळ्यांत पाणी. "पोटची पोरगी एवढी काळजी घ्यायची न्हाय." आणि मग नाक वर करून, "वास कसला गं गोड?"

"शिरा करतेय तुमच्यासाठी!"

मग काय, धावत जाऊन शिरा करावा लागला. आप्पांनी दोन वाट्या खाल्ला आणि जाऊन कळ दाबून पाहिली. आधी ती निदान कुरकुरायची. आता तेही बंद. वितळलेलं सगळं खोल खोल जाऊन बसलं होतं आणि पाकासारखं जमलं होतं. मी दुरुस्ती केली नव्हती, पक्की केली होती.

बुधवारी महेशनं रजा टाकली आणि आम्ही सगळे निपाणीला निघालो. तिथं लायसनवाले एक जुने बंदूक मिस्त्री आहेत. दस्तगीर मिस्त्री म्हणूया. आत्याही नातवाला नणंदेकडं सोपवून दुकानावर येऊन थांबल्या होत्या. म्हणजे मला पाहायला कुणी कमी पडायला नको!

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याला घड्याळवाल्यासारखी दुर्बीण लावली. बंदूक पालथी, उताणी केली. कळ दाबली नाही, घोडा ओढला नाही. नुसतं नाकाजवळ नेलं. मग बोटानं फटीतलं काहीतरी खरवडलं आणि ते बोट जिभेला लावलं.



"मध हाय," मिस्त्री म्हणाले.

"काय?" आप्पा.

पुन्हा बोट जिभेला. "तूप पन हाय. साजूक." जरा डोळे मिटून, "गाईचं न्हाय, म्हशीचं."

"घरचंच आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

मिस्त्रींनी बंदुकीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडं करून बसवलं. हातानं केलेले बारीक पेचकस काढले. एकेक स्क्रू उतरवून कागदावर ओळीनं ठेवला. मग वेलबुट्टीची पट्टी अलगद निघाली आणि आतलं मशीन दिसलं. म्हणजे दिसायला हवं होतं. दिसला तो एक सोनेरी, तपकिरी, चकचकीत गोळा, आणि त्यात मान वर काढून बसलेली स्प्रिंग.

"आईशप्पथ," महेश म्हणाला, "स्प्रिंग तर ठणठणीत आहे."

"स्प्रिंगला काय हुतंय? दूध-दही वाळलं की सरस हुतोय, सरस! सुतार लावत्यात तसला. त्यात साखर. आनि वर कुनीतरी शेकलंय बी." मिस्त्रींनी चिमट्यानं गोळ्यातून काहीतरी ओढलं. लांब, काळसर तंतू. "हे केळं." मग परत चिमटा घातला आणि एक छोटं, वाळलेलं, पण अजून आकार न सोडलेलं पान काढून तळहातावर ठेवलं. ते आप्पांच्या पुढं धरलं.

तुळस.

"आप्पा," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पोलीस लोक काय बी करतील. पर तुळस कशाला घालतील?"

आणि तेवढ्यात आमची लेक टाळ्या पिटत ओरडली, "बंदूकबाप्पा न्हाला! मम्मीनं दूदू घातलं! पुस्तक वाचून घातलं!"

आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? मी सगळं सांगितलं. फोन, पुस्तक, सोळा उपचार, परात, मुंगी, ड्रायर, शिरा. सांगताना रडूही आलं. "मला वाटलं तुम्ही म्हणाल, हिच्यावर काही सोपवायची सोय नाही."

आत्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बये, म्या कमी पडू दिऊ नगस म्हनलं, बुडवून काढ म्हनलं न्हवतं!"

आप्पांनी ते पान हातात घेऊन उलटसुलट केलं. मग एकच विचारलं. "पंचामृत घातलंस ते घातलंस. वरनं पाणी का घातलं न्हाईस? धुऊन तरी गेलं असतं."

"गंज चढेल म्हणून," मी म्हटलं.

दस्तगीर मिस्त्रींनी डोळ्याची दुर्बीण काढली, पेचकस खाली ठेवला आणि जे हसायला लागले, ते स्टुलावरून उतरून भिंतीला टेकले. आप्पाही हसले. महेश हसला. आत्या पदर तोंडाला लावून. मी रडता रडता हसत होते, ते सगळ्यात वाईट दिसतं.

मिस्त्रींनी दोन तास घासलं, धुतलं, पुसलं, तेलाचे चार थेंब दिले. पट्ट्या बसवल्या. मग कळीवर अंगठा ठेवला आणि बंदूक वाकली. किती अलगद! जसं काही झालंच नव्हतं. त्यांनी नळ्या दारातल्या उजेडाकडं धरून मला बोलावलं. "बघा वैनी. समाधान करून घ्या."

दोन गोल. दोन्हीतून आभाळ. मोकळी होती. शनिवारपासून अडकलेला माझा श्वास तिथं सुटला.

गुरुवार. ठाणं. वाटेत आप्पा म्हणाले, "तू बोलू नगस. मीच घातलं म्हणतो. म्हातारा हाय, चालतंय." पण साहेबांपुढं बंदूक उघडून झाली, नंबर जुळला, आणि रायटरसाहेबांनी माझी तक्रार काढून चष्मा लावून सगळ्यांना ऐकू येईल अशी वाचली. 'काडीचेही ज्ञान नसावे' पाशी थांबले. 'अक्कलशून्य' पाशी तर चहा प्याले.

"हे कुनी लिहिलं?"

आप्पांनी तोंड उघडलं. पण कसं कोण जाणे, त्यांच्या आधी मीच बोलले. "मी."

"आनि हे ज्या व्यक्तीबद्दल लिहिलंय, ती सापडली?"

"सापडली. तीही मीच."

रायटरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्नन मात्र बरोबर केलासा."

मग तक्रार मागं घेण्याचा अर्ज. तोही मीच लिहिला, मराठीत नि कन्नडमध्ये. बिघाडाचं कारण या रकान्यात मी 'पंचामृत' लिहिलं. रायटरसाहेबांनी ते वाचून विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं तेल, मॅडम?"

आप्पांनी सगळी हकीकत सांगितली. मुंगीपासून शिऱ्यापर्यंत, रंगवून. "अय्यो शिवने!" म्हणत आतले दोन हवालदारही बाहेर आले. साहेबांनी हसू दाबत सही केली, शिक्का मारला. लायसन वाचलं. आम्ही उठलो, दारापर्यंत आलो, तोच रायटरसाहेबांनी हाक मारली.

"मॅडम, एक विनंती. खंडेनवमीला आमच्याकडं पन आयुधपूजा असतीया. सगळ्या रायफली ओळीनं मांडतो आमी." त्यांनी हात जोडले. "त्या दिवशी तेवढं इकडं फिरकू नका."

यंदाची खंडेनवमी झाली. आत्या घरी होत्या. हळदकुंकू, एक झेंडू, संपली पूजा. मी लांब उंबऱ्यापाशी उभी, नुसती टाळ्या वाजवायला. आरतीनंतर मला चहात घालायला मध हवा होता. सगळी फडताळं शोधली, सापडेना. शेवटी आप्पांना विचारलं.

आप्पांनी शांतपणे करदोड्याची किल्ली काढली, बंदुकीचं कपाट उघडलं आणि आतून मधाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"एक चमचा घे," म्हणाले, "नि माझ्यासमोर घे."